शुद्ध कुचला

माझ्या सासऱ्यांना मी माझ्या हातांनी विष उगाळून दिलं, आणि तेही देवाच्या सहाणेवर. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा नागपुरात, प्रताप नगरात राहायचो.

मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, रोज भिवापुरी मिरचीचा ठेचा लागे आणि रोज तो बाधे. शेजारी एक कारकून होते, संध्याकाळी होमिओपॅथी करायचे. त्यांनी नक्स व्होमिका दिलं. गोळ्या जिभेवर ठेवून मामाजी कुरकुरत, की इतक्या गोड औषधाला रोग घाबरेल कसा. एकदा शेजाऱ्यांनी कौतुकानं सांगितलं, की हे कुचल्याच्या बीपासून बनतं, पातळ करत करत अगदी नावाला उरतं. झालं! कुचला मामाजींच्या ओळखीचा. त्यांच्या गावच्या जंगलात त्याची झाडं होती. पिसाळलेल्या कुत्र्याला मारायला बी घालत, दुखऱ्या गुडघ्यावर तीच उगाळून लावत. वैद्य पोटातही देत, पण शुद्ध करून.

मामाजींनी 'शुद्ध' तेवढं लक्षात ठेवलं. वैद्याचं शुद्ध म्हणजे दुधात शिजवून, सोलून, विष उतरवलेलं. मामाजींचं शुद्ध म्हणजे तुपासारखं, बिनभेसळीचं. जरीपटक्याच्या बाजारात जडीबुटीवाल्याला त्यांनी बजावलं, की माल शुद्ध पाहिजे, भेसळ चालणार नाही. त्यानंही इमानदारीनं जंगलातल्या कच्च्या बिया बांधून दिल्या. गोल, चपट्या, रेशमी लव असलेल्या. कोटाला बटणं म्हणून शोभल्या असत्या.

"सूनबाई, थोडं उगाळून दे वं," ते म्हणाले. मी समजले, गुडघ्याला. भिजवूनही बी हाडासारखी कठीण. खांदा भरून येईस्तोवर उगाळली. बांधायला गरम फडकं घेऊन आले, तर मामाजी वाटीतलं बोट चाटत होते.

"मामाजी, हे लावायचं असते."

"शुद्ध आहे ना, काहून भेतेस वं?" त्यांनी तोंड कडू केलं आणि पुन्हा बोट बुडवलं. मी वाटी हिसकावली. सासऱ्यांच्या हाताला माझा हात लागण्याची ती पहिलीच वेळ.

थोड्या वेळानं त्यांची मान ताठली. स्वयंपाकघरात झाकण पडलं आणि खाटेवरचं त्यांचं अंग धनुष्यासारखं वाकलं. शेजारचे कारकून धावत आले. बिया पाहून त्यांचा चेहरा उतरला. ते कुजबुजले, की आवाज करू नका. या विषात प्रत्येक आवाजागणिक झटका येतो, आणि एखाद्या झटक्यात श्वास अडकतो.

सायकलरिक्षात मामाजींना मी मांडीवर धरलं आणि पुढे वाकलेल्या शेजाऱ्यांनी रिक्षावाल्याची घंटी मुठीत दाबून धरली. नागपूर इतकं बोलकं शहर आहे हे मला त्या दिवशी कळलं. भाजीवाला ओरडला, झटका. ट्रकचा हॉर्न वाजला, झटका. मी त्यांच्या कानांवर पदर दाबून रस्ताभर एकेका माणसाच्या तोंडाकडे पाहत होते, की आता हा बोलेल.

सरकारी दवाखान्यात त्यांना अंधाऱ्या खोलीत ठेवलं. मला आत बसू दिलं, एक शब्द न बोलण्याच्या अटीवर. दिवेलागणीला त्यांचा जबडा सैल झाला. दातांच्या फटीतून ते म्हणाले, "तुले उगाळाले कोनं सांगतलं होतं वं?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण पुन्हा झटका येईल, या भीतीनं मी ते गिळलं.