नानांचा मचवा आणि धाकूशेटचं पाणी

माझ्या सासऱ्यांनी मला लग्नाच्या दिवसापासून कधी एकेरी हाक मारली नाही. "जावईबापू, आपण यावं," "जावईबापू, आपण बसावं," असं ते म्हणत. हा जावयाचा मान आहे, अशा गोड समजुतीत मी पहिली काही वर्षं काढली. मग एके दिवशी त्यांच्या दारात एक म्हैस आडवी बसली आणि नाना तिला हात जोडून म्हणाले, "बाईसाहेब, आपली विश्रांती झाली असेल तर आम्ही गरिबांनी आपल्या घरात जावं म्हणतो." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नाना ज्याच्यावर खूश असत त्याला 'गाढवा' म्हणत, आणि ज्याला वैतागत त्याला अहो-जाहो करीत. मला तर बोहल्यावरच 'आपण' होतं.

नाना कल्याणचे. मामलेदार कचेरीत शिरस्तेदार म्हणून त्यांनी उभं आयुष्य लोकांचे अर्ज नामंजूर करण्यात घालवलं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "नुसतं नामंजूर कुणीही करील," ते सांगत, "अर्जदार घरी जाताना आपले आभार मानत गेला पाहिजे." अशा माणसाने पेन्शनीत निघाल्यावर काय करावं? भजनाला जावं, नातवंडांना दटावावं. नानांनी मचवा विकत घेतला.

त्याला कारण होत्या माई, म्हणजे माझ्या सासूबाई. माईंचं माहेर वसईला. आई पिकलं पान झालेली, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. तिला एकदा डोळे भरून पाहावं, एवढाच माईंचा ध्यास. आता आगगाडी सुरू होऊनही बरीच वर्षं झाली होती. पण माईंचं सोवळं कडक. "गाडीत कोण कुणाच्या शेजारी बसतं, याला काही धरबंध आहे का?" असं त्यांचं म्हणणं. भाड्याचे मचवे वसईला जात, पण त्यांतून परतताना सुकी मासळी येई आणि तो वास लाकडात मुरलेला असे. "सारांश, तुझ्यासाठी स्वर्गातून विमान मागवावं लागणार," नाना म्हणाले. त्यांनी आठवडाभर माईंची यथेच्छ टिंगल केली, आणि मग कुणाला न सांगता, जिला मासळीचा खवलाही कधी शिवला नाही अशी कोरी होडी थेट बांधणाऱ्याकडून घेऊन आले. मचवा म्हणायचा, एवढंच. शीड होतं, चार माणसं ऐसपैस बसत, आणि मधे माईंसाठी लाकडी चौरंग ठोकला होता.

मचवा आला, त्याला बांधायला जागा हवी. कल्याणच्या बंदराचा मक्ता तेव्हा धाकूशेटकडे होता. मूळचा मिठागरवाला, अंगाने आडवा, हसताना डोळे मिटून हसणारा. नानांनी पंचांग पाहिलं. एवढी मोठी वस्तू पाण्यात सोडायची, तर दिवस चांगला नको? त्रिपुरी पौर्णिमा निघाली. आम्ही सगळे नटूनथटून बंदरावर गेलो. खाडी काठोकाठ भरली होती, बायका द्रोणांत दिवे सोडत होत्या, आणि धाकूशेटने दाखवलेल्या जागेपाशी धक्क्याच्या वरच्या पायरीला पाणी लागत होतं. "रावसाब, ह्या जागेला पानी कवा तुटाचा नाय," धाकूशेट म्हणाला. नानांनी नारळ फोडला. मी 'वा, वा' म्हणालो. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, पण इंग्रजी शिकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

आठवड्याने नाना मचवा पाहायला गेले, तर तो गाळात कुशीवर निजला होता. भर भरतीची वेळ, आणि पाणी त्याच्यापासून दहा हात लांब. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा खाडी पायऱ्या चढते; अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा भरती येते ती नुसती नावाला. खाडीकाठी जन्मलेल्या कुठल्याही पोराला हे ठाऊक. पण आमची पंचांगवाली मंडळी चंद्र पाहायची ती उपास सोडण्यासाठी. त्याचा पाण्याशी काही संबंध असतो, हे आमच्या सात पिढ्यांच्या कानावर आलं नव्हतं.

नाना धाकूशेटकडे गेले. "श्रीमंत, आपण आम्हांला जागा दिलीत की शेत? तसं सांगा, म्हणजे नांगर आणतो. दुसरा नांगर."

धाकूशेट डोळे मिटून हसला. "रावसाब, पुनवेला पानी दावला का नाय? ता खोटा होता का?"

"छे छे. अगदी खरं पाणी होतं. फक्त ते राहत नाही."

"मंग पुन्हा पुनव येल, तवा पुन्हा येल."

"आपण चंद्राचाही मक्ता घेतलेला दिसतो."

बंदरात खोल पाण्याच्या जागा होत्या. तिथे धाकूशेटच्याच मिठाच्या होड्या उभ्या असत. नानांनी त्यांतली एक जागा मागितली, धाकूशेटने सुपारी पुढे करून विषय बदलला. मग मचवा लावायचा कसा, यावर जुंपली. नानांना तो धक्क्याला लांबीने लावायचा होता, म्हणजे फळी टाकून माईंना आरामात पाऊल टाकता येईल. धाकूशेटचा नियम असा, की प्रत्येकाने नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, धक्क्याकडे करून उभं लावायचं, म्हणजे जास्त होड्या मावतात. "आमची मंडळी साठीला आलेली आहे," नाना म्हणाले, "नाळेवरून उडी मारायचा सराव तिने अजून केलेला नाही. आपण शिकवणार असाल तर पाठवतो."

आणि खरी गंमत पुढेच. पौर्णिमा आली, पाणी आलं, मचवा डौलात डोलू लागला. पण पौर्णिमेला घरी कुळाचार. माई कशा निघणार? अमावास्येला पुन्हा पाणी आलं. अमावास्येला प्रवास? शिव शिव. एकदा प्रतिपदेचा योग अगदी जमत आला होता, तर तो शुक्रवार निघाला, आणि शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ. पाणी असे तेव्हा पंचांग नको म्हणे, पंचांग हो म्हणे तेव्हा पाणी नसे. मचवा घेऊन थंडी सरली, आणि ज्यांच्यासाठी घेतला त्या माई अजून एकदाही त्यात बसल्या नव्हत्या. वसईहून येणारी माणसं सांगत, आजी विचारते, "माझी दुर्गी निघाली का?" माई ऐकत आणि उठून आत जात. नाना दुसऱ्या दिवशी बंदरावर जाऊन धाकूशेटला दुप्पट आदराने बोलत.

शेवटी नानांनी अर्ज करायचं ठरवलं. मी ठाण्याला कलेक्टर कचेरीत कारकून. इंग्रजी मसुदा माझ्या गळ्यात पडला. "जावईबापू, आपण फक्त शब्द घाला," नाना म्हणाले, "अर्थ मी घालतो." मी रात्रंदिवस खपून असा मसुदा केला की तो वाचून नक्की कोण बुडालं आहे हेच कळेना. तरी आमच्या कचेरीने दखल घेतली, आणि एक गोरे साहेब पाण्याची खोली पाहायला कल्याणला येणार असं ठरलं. त्यांच्या मागे छत्री धरायला मी.

साहेब ठाण्याहून सरकारी बोटीने यायचे होते. बोट मोठी. खाडीत पुरेसं पाणी असेल तेव्हाच ती कल्याणपर्यंत जाणार, म्हणून बोटीवरच्या लोकांनी दिवस नेमून दिला. अर्थातच अमावास्येचा. आम्ही पोहोचलो तेव्हा खाडी पायऱ्यांवर उसळत होती, मचवा नाचत होता, आणि धाकूशेट फुलांचा हार घेऊन उभा होता. साहेबांनी स्वतः बांबू टाकून पाहिला, मान डोलावली आणि विचारलं, "तक्रार कशाबद्दल आहे?" मी छत्रीआडून नानांकडे पाहिलं.

नानांनी साहेबांना लवून नमस्कार केला आणि मला म्हणाले, "जावईबापू, यांना सांगा, की हे आले आणि पाणी आलं. हा यांचा पायगुण आहे. तेव्हा यांनी सहकुटुंब इथेच राहायला यावं, अशी आमची नम्र विनंती आहे. सांगा, इंग्रजीत सांगा."

मी काय सांगितलं ते मलाही धड आठवत नाही. साहेब खूश होऊन नानांचा हात हलवून गेले, एवढं खरं. अर्ज नामंजूर झाला. "उत्तम काम," नाना म्हणाले, "अर्जदाराने हस्तांदोलन करून निरोप दिला. आमच्या वेळी इतकं साधत नव्हतं."

चैत्रातली गोष्ट. मी सहकुटुंब कल्याणला होतो. भल्या सकाळी वसईहून माणूस आला: आजींनी अन्न सोडलं आहे, शुद्ध आहे तोवर या. तिथी अष्टमी. मी आणि नाना धावत बंदरावर गेलो. मचवा गाळात रुतून आमच्याकडे पाहत होता. आमच्या पाठोपाठ माईही आल्या. बंदरावर त्या त्रिपुरीनंतर प्रथमच पाऊल टाकत होत्या. हातात गाठोडं. नुसत्या त्या कोरड्या गाळाकडे पाहत उभ्या राहिल्या.

"तुझ्या आईला निरोप धाडू का," नाना म्हणाले, "की पौर्णिमेपर्यंत जरा..." आणि तिथेच थांबले. वाक्य अर्धं सोडताना मी त्यांना त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी डोक्यावरची पगडी काढून माझ्या हातात दिली आणि ते धाकूशेटच्या मिठाच्या वखारीकडे चालू लागले. मी पगडी घेऊन मागे.

धाकूशेट दारातच दात घासत होता. "या या रावसाब. आज पानी..."

"धाकू," नाना म्हणाले, "माझी सासू चालली रे. तुझी होडी दे."

धाकूशेटने चूळ भरली. एक शब्दही न विचारता तो आत ओरडला, दोन वल्हेकरी धावत आले. "बायला सांगा, मिठाची होरी हाय. मासली चरली नाय तिच्यान कवा," तो म्हणाला. आणि मग, "मी सोता येतो."

खोल पाण्यातली होडी निघाली. सुकाणूवर धाकूशेट, मधे माई, समोर नाना आणि मी. ओहोटीची ओढ होती, वल्ही जोरात पडत होती. माई पदराआड काहीतरी पुटपुटत होत्या, जप असावा. दुपार कलताना वसईचा किनारा दिसला आणि आमची चूक आमच्या लक्षात आली. ओहोटीबरोबर उतरणाऱ्याला मुक्कामी पाणी कुठून मिळणार? धक्का समोर दिसत होता, आणि मधे नुसता गाळ. वल्हेकरी उतरले तर मांडीपर्यंत आत गेले. धाकूशेट म्हणाला, "बाय, पोरं उचलून नेतील." माईंनी मान हलवली. परक्या पुरुषाचा हात? त्या गाठोडं घेऊन स्वतःच उतरू लागल्या.

तेव्हा नाना उतरले. कल्याणचे शिरस्तेदार, पेन्शनर, धोतर कमरेला खोचून गाळात उभे राहिले, आणि त्यांनी माईंना दोन्ही हातांवर उचललं. ज्या काळात नवरा चारचौघांत बायकोकडे पाहतही नसे, त्या काळात. वसईचं सगळं बंदर काम सोडून बघत होतं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कुणीतरी शीळ घातली. मागून धाकूशेट ओरडला, त्यालाही राहवलं नसावं, "रावसाब, पानी पुरतंय ना?"

आता नाना काय ऐकवतात, या धास्तीने मी कानांत बोटं घालायच्या बेतात होतो. पण नानांनी मागे वळूनही पाहिलं नाही. एकेक पाय गाळातून उपसून काढत, धापा टाकत, ते चालत राहिले आणि धक्क्याच्या पायरीवर त्यांनी माईंना अलगद ठेवलं.

आजी शुद्धीवर होत्या. त्यांना दिसत नव्हतं; त्यांनी माईंचा चेहरा हाताने चाचपला आणि "आलीस" म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी गेल्या तेव्हा त्यांचं डोकं माईंच्या मांडीवर होतं.

कल्याणला परतल्यावर मी भीत भीत विचारलं, आता तक्रार सोडून द्यायची ना? नाना माझ्याकडे दयेने पाहत राहिले. "जावईबापू, माणूस लाखमोलाचा आहे, धक्का भिकार आहे. तक्रार धक्क्यावर आहे. आपण नवा मसुदा करावा." आणि तो मी केला, त्यानंतरही दर वर्षी केला. धाकूशेट स्वतः येऊन विचारी, "यंदा काय लिव्हला?" नाना त्याला ओटीवर बसवून वाचून दाखवीत, आणि तो डोळे मिटून हसे.

नाना गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दिवसांना घर माणसांनी भरलं होतं, आणि जो तो नानांनी आपल्याला काय काय ऐकवलं ते सांगत होता. रडायचं सोडून लोक हसत होते. मी साहेबांच्या पायगुणाची गोष्ट सांगितली, तीही रंगली. माई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. हसू ओसरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "वसईच्या गाळात त्यांनी मला उचललं ना, तेव्हा त्यांनी एक शब्द जरी काढला असता, तर मी लाजेने तिथेच खाली उतरले असते हो. आईपाशी पोहोचलेच नसते."