एका हाकेला ओ

वाटूरला कोणी नवा राहायला आला, की माझ्या शेताचा शेजारी त्याला फाट्यावरच्या टपरीत चहाला बसवतो. स्वतःच्या गुडघ्यावर थापा मारत सांगतो, "आधी पाण्याची टाकी बघा, मंग खोली. उन्हात रुमाल बांधा. अन् भर दुपारी रानात हाक आली तर एका हाकेला ओ द्यायची न्हाई. माणूस असला तर पुन्हा हाक मारील; दुसरं काही असलं तर ओ देणाऱ्याला घेऊन जातं. बराबर?"

मी शाळा कमी शिकलो, पण दुसऱ्याच्या अकलेनं कधी चाललो न्हाई.

औंदा उन्हाळ्यात दुपारी शेजाऱ्याच्या विहिरीकडून त्याचीच हाक आली, एकदाच. मी ओ देऊन पळत गेलो. ऊन लागून तो बांधावर पडला व्हता. सावलीत ओढून पाणी मारलं, तवा डोळे उघडले.

"बरं झालं, हाक मारलीस," मी म्हणलं.

"मी कुठं मारली? जीभ टाळूला चिकटली व्हती." मंग माझं मनगट धरून म्हणाला, "तू ओ दिलीस?"

"दिली की."



तवापासून तो रोज सकाळी माझ्या दारावरून जातो. मी दिसलो की मान हलवून माघारी फिरतो.

"भाऊजी काय बघायला येतात हो?" बायकोनं विचारलं.

"येऊ दे," म्हणलं.

पण आताशा तो यायच्या आधीच मी ओसरीवर येऊन बसतो.