कढीपत्त्याच्या बुंध्यातला हिमालय

हिमालयातल्या एका नदीची वाळू मी पूर्णा गावी, घरी आणली होती. भूशास्त्राच्या अभ्यासातला सर्वस्वी माझा असा हा पहिलाच नमुना. दुसरी पिशवी मिळणार नव्हती.

घरात मी कमीच बोलते. त्या सकाळी मात्र काकूला सांगताना थांबवेना. या वाळूत झिरकॉन नावाच्या खनिजाचे जड कण असतात. त्यांच्यात सूक्ष्म रेघा उमटत राहतात. खडक खोल, तापलेला असेपर्यंत त्या पुसल्या जातात. डोंगर वर येऊ लागला, खडक निवला, की टिकतात.

"सायीसारखं, काकू. उकळत्या दुधावर धरत नाही. जाड दिसली की समजायचं, दूध केव्हाच उतरवलंय. तसं रेघांवरून डोंगर कधी उठू लागला ते कळतं."

"आज तोंड उघडलंय बया!" काकू हसली.

काकू ज्वारी पाण्यात रोळते तेव्हा दाणे दुसऱ्या भांड्यात जातात, खडे परातीच्या तळाशी राहतात. जड कण तळाशी राहावेत म्हणून वाळूही तशीच रोळायची ठरली. मी भिंग आणायला आत गेले. परत आले तर कागदावर स्वच्छ पांढरी वाळू, आणि परात धुऊन उपडी.

"तळाचं काळं कुठंय?"

"खडेच व्हते. टाकले कढीपत्त्याला."

"काकू!" मी इतकी ओरडले की शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी वाकून पाहिलं.

"अगं माय, खडे कोन ठिवतंय?"

बुंध्याजवळची माती आम्ही खुरप्याने खरवडली. काकू पुन्हा रोळायला बसली. तळाचं फेकायला हात आपोआप उचलला जाई, आणि ती स्वतःच्याच मनगटावर चापट मारी. मी फ्रिजवरचं चुंबक कागदात गुंडाळून फिरवलं. लोहाचे काळे कण त्याला चिकटले. उरलेली चिमूट भिंगाखाली धरली.

फिकट गुलाबी, चकचकीत, दोन्ही टोकांना निमुळते झिरकॉनचे कण! आमची काळी माती ज्या दगडातून झाली, त्यात असे कण सहसा नसतात. म्हणजे हे तिकडचेच. मी अंगणात उड्या मारल्या.

"मलाबी दाव." काकूने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "मंग? कवा उतरला तुझा डोंगर चुलीवरून?"

"आधी रेघा मोजाव्या लागतील. तिकडे, प्रयोगशाळेत."

"मंग हितं काय करायलीस?" म्हणत तिने गोळ्यांची रिकामी बाटली पदराने पुसून कण भरायला पुढे केली.