कुप्पममधली सहा वर्षांची मुलं

पुण्याच्या स्टेशनवर मद्रास मेल आली, तेव्हा सगळ्यांना काळजी माझी नव्हती, माझ्या पट्टीची होती. पट्टी म्हणजे उंची मोजायची सहा फुटी लाकडी फळी, आणि तिच्यावर वरखाली सरकणारी एक आडवी फळकुटी. बायकांच्या डब्याच्या दारातून ती काही वळेना. शेवटी खिडकीतून ती आधी गेली आणि दारातून मी मागाहून. समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, "सुतारकाम करता का हो?" मी म्हटलं, "नाही, मुलं मोजते." त्यानंतर गुंटकल येईपर्यंत त्या बाईंनी आपली दोन्ही मुलं माझ्यापासून जपून पलीकडे बसवली.

पण आमच्या ऑफिसने दिलेलं काम खरंच तेवढंच होतं. मद्रासमधल्या दोन शाळांतली मुलं मोजायची: एक मैलापूरच्या देवळाजवळची, वकील-कारकुनांच्या मुलांची, आणि दुसरी तिथून अर्ध्या मैलावरच्या कुप्पममधली (समुद्रकाठची कोळ्यांची वस्ती). कोणाची मुलं उंचीत, वजनात आणि इयत्तेत किती मागे आहेत त्याचा तक्ता करायचा. जिथली मुलं मागे, त्या शाळेला दुपारचं जेवण आधी मिळणार होतं. यादी छोटी होती आणि तीत शिरू पाहणाऱ्या शाळा पुष्कळ. तक्ता करणं माझ्या हाती असल्यामुळे मी स्वतःला जरा महत्त्वाची समजत होते, हे कबूल केलेलं बरं.

उतरायची सोय मैलापुरात कमलाबाईंकडे होती. त्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, पेशाने शिक्षिका. त्यांचे पूर्वज दक्षिणेत आले त्याला कित्येक पिढ्या झाल्या. दारातच त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "येवा, येवा! किती वर्षें झालीं, पुण्याचें माणूस अम्चे घरीं येऊन!" शब्द जुन्या कागदपत्रातले आणि हेल अस्सल तमिळ. पहिला दिवसभर मी त्यांचं बोलणं कान देऊन ऐकत होते आणि त्या माझं. मग त्यांनीच निकाल दिला, "तुम्चें मराठी बरें आहे, पण धांवतें फार."

त्यांच्याकडे जेवायला डांगर पचडी (उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर) होती, वर मोहरी-हिंगाची फोडणी. भातावर सांबार, मग रसम, मग ताक, आणि प्रत्येक वेळी भात नव्याने. मी तिसऱ्या भाताला नको म्हटलं तर त्या घाबरल्या, "पापम् (बिचारी), आजारी आहां काय?" सकाळची कॉफी तर अशी, की पुण्यात इतकी वर्षं आपण कॉफी म्हणून काय पीत होतो, हा प्रश्नच पडावा. पितळी भांड्यातून वाटीत, वाटीतून भांड्यात, हातभर उंचीवरून ओतायची. मी प्रयत्न केला आणि नवं इरकली लुगडं कायमचं कॉफीचं झालं.

जून महिना होता आणि ऊन जिवावर उठलं होतं. तरी मैलापूरच्या शाळेत दोन दिवस मजेत गेले. मुलींच्या वेण्यांत मोगऱ्याचे गजरे एवढे जाड, की फळकुटी डोक्याला टेकायच्या आधी फुलांना टेकायची. गजरा बाजूला सारला की मुलगी रुसायची. वयाची मात्र काही अडचण नव्हती. प्रत्येक घरात जातक (जन्मपत्रिका) होतं, आणि आया जन्मवेळ घटका-पळांसकट सांगत होत्या. पहिलीतल्या पोरांचे पुढचे दात पडलेले. कोणीही हसलं की खिंडार दिसायचं.

तिसऱ्या दिवशी कमलाबाई दुभाषी म्हणून बरोबर आल्या आणि आम्ही कुप्पममध्ये गेलो. वाळूवर कट्टुमरम् (ओंडके बांधून केलेल्या होड्या) ओढून ठेवलेली, जाळी वाळत घातलेली, आणि मासळीचा असा वास, की पहिली दहा मिनिटं मी तोंडानेच श्वास घेतला. शाळा झावळ्यांच्या छपराची. हेडमास्तर मुरुगेसन पन्नाशीचे, किडकिडीत, शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेले. त्यांनी स्वतः पट्टी ओळंब्यात उभी करून दिली आणि मुलांना रांगेत लावलं. एकेका मुलाचं नाव पुकारताना ते त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होते.

संध्याकाळी तक्ता मांडला आणि मी उडालेच. दोन्ही शाळांतली सहा वर्षांची मुलं जवळजवळ सारख्याच उंचीची! मला आनंद झाला. समुद्राची हवा, ताजी मासळी, असं काहीबाही मी वहीत लिहूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांना सांगितलं, "अभिनंदन. तुमची मुलं अगदी उत्तम आहेत."

कमलाबाईंनी ते तमिळमध्ये सांगितलं. मास्तरांनी हळूच विचारलं, "म्हणजे जेवण नाही?"

तक्ता खरा असेल तर जेवण नाही, हे मला माहीत होतं. खरा असण्याबद्दल मला शंका नव्हती, कारण आकडे मी घेतले होते.

तेवढ्यात एक बाई आपल्या मुलाला घेऊन दाराशी आली. नाव घालायचं होतं. मास्तरांनी मुलाला जवळ बोलावलं, त्याचा उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेला आणि डाव्या कानाला लागतो का पाहिलं. बोटं कानाच्या वर दोन अंगुळं थांबली. मास्तरांनी मान हलवली. बाई काहीतरी पुटपुटत निघाली.

"काय म्हणाली?" मी कमलाबाईंना विचारलं.

"म्हणे, तीन वर्षें आणतें आहें याला. हात कानास लागेना, त्यास मी काय करूं?"

हा कानाचा कायदा मला नवा नव्हता. आमच्या गावीही मास्तर असंच करत, आणि मलाही असंच घेतलेलं. पण तोपर्यंत त्याचा आणि माझ्या तक्त्याचा काही संबंध असेल असं मनात आलं नव्हतं. ज्याचा हात कानाला लागला तो सहा वर्षांचा. पण पोट भरलेल्या मुलाचा हात सहाव्या वर्षी लागतो, आणि अर्धपोटी मुलाचा आठव्या, नवव्या. मी मागे वळून पहिलीच्या वर्गाकडे पाहिलं. पुढच्या रांगेत पोन्नी नावाची मुलगी हसत होती. वहीत वय सहा. आणि तोंडात पुढचे सगळे दात पक्के, मोठे, नवे. खिंडार कोणाच्याच तोंडात नव्हतं.

मला स्वतःची अशी लाज वाटली की विचारू नका. मी मुलं मोजली होती ती आधीच उंचीनेच निवडलेली. सारखी निघणार नाहीत तर काय!

मास्तरांनी काही लपवलं नाही. "जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसते," ते म्हणाले, "आणि नऊ वर्षांचं मूल पहिलीत लिहिलं तर वरून विचारतात, एवढं मोठं मूल इथे कशाला? नाव काढा. म्हणून मी सहा लिहितो." वीस वर्षं ते सहा लिहीत आले होते. मुलं शाळेत टिकली ती त्या खोट्या आकड्यावर, आणि आता त्याच आकड्यापायी त्यांचं जेवण जात होतं. खरं वय मी लिहिलं तर जेवण मिळेल, पण मास्तरांची वीस वर्षांची वही उघडी पडेल. नोकरीही जाऊ शकते.

"मी काय करू?" मी सरळ त्यांनाच विचारलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आयांना विचारा," ते म्हणाले. "मी बरोबर येतो."

पुढचे तीन दिवस आम्ही झोपडी-झोपडी फिरलो. जातक नव्हतं, पण आठवण होती. "दीर बुडाला त्या वर्षी." "आमचं छप्पर वाऱ्याने नेलं, त्याच्या दुसऱ्या महिन्यात." पोन्नीची आई मारियम्मा मासे साफ करता करता म्हणाली, "तिरंगा लागला, मुलांना मिठाई वाटली, तेव्हा ही पोटात होती. मीपण रांगेत उभी राहिले मिठाईला." स्वातंत्र्याला दहा वर्षं होत आली होती. मी बोटांवर मोजलं. "नऊ," मी म्हटलं.

पोन्नी शेजारी उकिडवी बसली होती. तिने कमलाबाईंना विचारलं, "मी नऊ वर्षांची?" तिला फार आनंद झाला. सहाची एकदम नऊची होणं म्हणजे बढतीच. मग ती उभी राहिली, पाठ ताठ केली आणि म्हणाली, "नऊ वर्षांची मुलगी केवढी असते?"

मैलापूरच्या नऊ वर्षांच्या मुली मी याच आठवड्यात मोजल्या होत्या. मी हात पुढे केला आणि तळवा तिच्या डोक्यावर, हवेत, त्या मुलींचं डोकं जिथे येईल तिथे धरला. तिने डोळे वर करून पाहिलं. मग टाचा उचलल्या. तरी डोकं लागलं नाही.

"हें आतां भरून निघतें काय, पोन्नी विचारते," कमलाबाई म्हणाल्या.

"वेळेवर जेवलं तर पुष्कळ निघतं," मी म्हटलं. मला जेवढं ठाऊक होतं त्यापेक्षा जास्त खात्रीने म्हटलं.

नवा तक्ता केला. आता दोन शाळांमध्ये दरी उघडी पडली, उंचीत आणि इयत्तेतही. खाली मी टीप लिहिली: शाळेच्या वहीतलं वय कानावरून, इथलं वय आईच्या सांगण्यावरून. मास्तरांनी ती टीप दोनदा वाचून दाखवायला लावली आणि कोणी मागितली नसताना खाली सही केली. स्टेशनवर पोचवायला तेही आले. पट्टी खिडकीतून त्यांनीच आत दिली.

पुण्यात येऊन महिना झाला तेव्हा कमलाबाईंचं पत्र आलं. कुप्पमला जेवण सुरू झालं. मास्तरांना वरून कडक ताकीद आली, पण नोकरी राहिली, आणि एकाही मुलाचं नाव काढलेलं नाही. मी ते पत्र घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेजारपाजारच्यांना मद्रासचा समुद्र, कॉफी आणि भाताचे तीन फेरे रंगवून सांगितले. इतका सुखाचा प्रवास माझ्या वाट्याला पुन्हा येईल असं वाटत नाही.

ऑफिसात साहेबांनी तक्ता पाहिला, दोन्ही शाळांच्या ओळींवरून पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, "फरक आहे खरा. पण काही इंचांचाच की हो."

"हो," मी म्हटलं. "टाचा उचलूनही पुरत नाही, एवढाच."