चार साखळ्या आणि एक आणा

मी थाळीफेक करायचे. आमच्या गावात मुलीच्या हातात थाळी म्हटली की लोकांना पुढं भाकरीच दिसायची, म्हणून हे आधी सांगून टाकते. लाकडाची, लोखंडी कडेची, एक किलोची थाळी. शाळेत ती एकच होती आणि तिला मुलांपैकी कुणी हात लावला की मी त्याच्या अंगावर धावून जात असे.

तेव्हा मी जुन्या अकरावीत होते. अंगानं उभी-आडवी, हात पुरुषासारखे. संगमनेरच्या बाजारात लोक वळून बघायचे आणि हसायचे. खेळातलं मला फार कळत नव्हतं, पण राग भरपूर होता. ज्याच्यावर चिडले असेन त्याचं तोंड डोळ्यांपुढं आणायचं, गरकन फिरायचं आणि थाळी सोडायची. ड्रिल मास्तरांना वाटायचं त्यांनी शिकवल्याप्रमाणं माझा पाय पडतोय. ते स्वतः एका पुस्तकातली चित्रं बघून शिकवत. काटकुळा, भाबडा माणूस. मला न हसणारा गावातला तो एकच पुरुष होता.

दुसरी माझ्या बाजूची होती काकी. माझे काका वारले, मूलबाळ नव्हतं, आणि ती आमच्याच अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत राहत होती. काका गेल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जमिनीची वाटणी केली. सरकारी मोजणीला कोण वर्षानुवर्षं थांबणार? आजोबांच्या वेळची जमीन मोजायची साखळी आमच्या घरात होतीच. तेहेतीस फुटांची, सोळा सारख्या तुकड्यांची. एका तुकड्याला आणा म्हणायचे. पंचांसमोर त्या साखळीनं काकीचा हिस्सा मोजून दिला आणि उरलेली जमीन आमची झाली. आबांनी कसा भावजयीवर अन्याय होऊ दिला नाही, हे गावात कौतुकानं सांगत. काकी मला रोज दोन अंडी द्यायची आणि दंडाला कडक हातानं तेल चोळायची. "तोड त्या हसणाऱ्यांना," म्हणायची.

दुष्काळ सरल्यावरच्या हिवाळ्यात मास्तर एक परिपत्रक घेऊन आले. तेहरानला आशियाई खेळ व्हायचे होते. त्याच्या शिबिरासाठी पुण्यात मुलींची निवड होती, आणि थाळीफेकीत चाळीस मीटर टाकणारी मुलगी असेल तर नाव कळवा, असं त्यात लिहिलं होतं. तेहरान कुठं आहे हे गावात मास्तरांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. मला तर ते कळल्यापासून झोप लागेना. मला जायचं होतं. मला विमानात बसायचं होतं, आणि बाजारात हसणाऱ्या प्रत्येकाला ते कळायला हवं होतं.

फेक मोजायची कशानं? शाळेची कापडी टेप उंदरांनी खाल्ली होती. मास्तर चार लोकांसमोर आबांना म्हणाले, "तुमची साखळी द्या की. तिच्याइतकं खरं माप गावात कुठलं?" आबा जरा थांबले. साखळी गंजेल म्हणून यांचा जीव वरखाली होतोय, असं मला वाटलं. मग म्हणाले, "न्या. घरचीच हाय."

मी फेकलं. मास्तर आणि शाळेचा शिपाई साखळी ताणत गेले. एक, दोन, तीन, चार, आणि वर एक आणा. मास्तरांनी खडूनं भिंतीवरच गणित मांडलं. चाळीस मीटर आणि वर ऐंशी सेंटीमीटर. खात्री म्हणून तीनदा फेकायला लावलं. दर वेळी चारच्या वर. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवसांत पुण्याचं बोलावणं आलं आणि गावानं माझा सत्कार केला. हार माझ्या गळ्यात एक आणि आबांच्या गळ्यात तीन पडले. आबा फेटा बांधून खुर्चीत बसले होते आणि माझ्याकडं बघत नव्हते.

पुण्याच्या मैदानावर काट्यांचे बूट घातलेल्या मुली होत्या. मी अनवाणी. सहा फेकी टाकल्या. पंचांची टेप पोलादाची होती. पस्तीस, पस्तीस, चौतीस, पस्तीसच्या वर थोडं. सहावीला तर मी बापजन्मात फिरले नव्हते तशी फिरले, तीही पस्तीसच. मास्तर म्हणाले, टेप सरकली असेल. निवड करणारे साहेब हसले आणि त्यांनी टेपचं टोक मास्तरांच्याच हातात दिलं. "मोजा, तुम्हीच मोजा." मास्तर गुडघ्यावर बसून मोजत होते, पुनःपुन्हा आकडा बघत होते, आणि साहेब मोठ्यानं म्हणाले, "का हो, तुमच्या गावात मीटर किती फुटांचा असतो?" मुली खिदळल्या. एकीनं तर तोंडावर हातही धरला नाही. मला त्या क्षणी साहेबाचा नाही, मास्तरांचा राग आला. खाली बसलेल्या माणसाचा राग येणं सोपं असतं.

आम्ही परतीची एसटी धरली. नारायणगावला मास्तरांनी मला केळी घेऊन दिली, स्वतः काही खाल्लं नाही. घाट उतरताना एवढंच म्हणाले, "तुझा काही दोष नाही हं."

घरी आल्या आल्या मी कणगीमागची साखळी ओढून काढली आणि जमिनीवर पसरली. तुकडे मोजले. चौदा. पुन्हा मोजले. मधे एके ठिकाणी कडी पकडीनं दाबून बसवल्याची खूण होती. आबा दारात येऊन उभे राहिले होते.

"मोजलीस?"

"चौदाच हायेत."

"मग?" आबा शांतपणे म्हणाले. "तुज्या काकीला ना पोर ना बाळ. एकट्या बाईला किती लागतंय? मी खाल्लं का ते? तुमच्याच घशात गेलं. तू ज्या अंगानं थाळी फेकतीस ना, ते अंग त्याच वावराच्या बाजरीनं झालंय."

मी रडले, ओरडले, तुमी मला तिथं तोंडावर पाडलं म्हणाले. आबांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या मास्तर येईल. काय बोलायचं त्याचा इचार करून ठिव." काकीचं काय, असा प्रश्न माझ्या त्या आरडाओरड्यात एकदाही आला नाही. हे मला फार वर्षांनी जाणवलं, आणि तेव्हापासून त्याची शरम वाटते.

मास्तर सकाळी आले. पुण्याचा आकडा ऐकून हेडमास्तरांनी रात्रीच त्यांना लेखी जाब विचारला होता: खोटा आकडा कळवून शाळेची नाचक्की का केली? ओट्यावर दोघं-तिघं बसले होते. काकी अंडी घेऊन आली होती, ती खांबापाशी उभी राहिली. मास्तर हात जोडून म्हणाले, "साखळी एकदा बघू द्या. तिच्यात काही कमीजास्त..."

"बघा की," आबा म्हणाले. "पर आधी पोरीला इचारा. ती हुतीच तिथं."

सगळे माझ्याकडं वळले. मला फक्त चौदा म्हणायचं होतं. मास्तरांची नोकरी वाचली असती, काकीला तिची जमीन मिळाली असती, आणि मी खोटी नाही हे गावाला कळलं असतं. आबा मात्र गावातून उठले असते.

मी म्हटलं, "साखळी बरोबर हाय, मास्तर. तीनच साखळ्या हुत्या, वर आठ-नऊ आणे. तुमी घाईत चार म्हनले. मी बघितलं हुतं, पर भीतीनं बोलले न्हाई."

हे आबांनी मला पढवलं नव्हतं. हिशेब कसा चपखल बसवायचा तेही माझं मीच शोधलं होतं. मास्तर खोटारडी म्हणतील, साखळी मागतील, असं मला वाटलं. ते माझ्याकडं बघत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडला. "तीन होत्या?" ते स्वतःशीच म्हणाले. "तिन्ही वेळा? असेल. माझंच चुकलं असेल." त्यांनी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला. हेडमास्तरांना तसं लिहून दिलं आणि वर्ष संपायच्या आत ते शाळेतून गेले. त्यानंतर त्या शाळेत मुलींची थाळीफेक बंद झाली.

माणसं उठून गेल्यावर काकी माझ्याजवळ आली. तिनं आवाज चढवला नाही. "वाटणी झाल्यापासनं दोन पेरण्या झाल्या," ती म्हणाली. "दोन्ही टायमाला बी उरलं. तेवढ्या रानाला जेवढं बी लागतं तेवढंच घेतलं हुतं मी. वावर कमी हाय हे मला तवाच कळलं. कुनाला सांगू? काल तुजा आरडाओरडा अंगनापल्याड ऐकला. मला वाटलं हुतं आज तू बोलशील."

माणसाला अशा वेळी पाय धरता येतात. मी सरळ आत गेले आणि आबांना सांगितलं, "काकीला म्हाईत हाय."

चार दिवसांनी आबांनी काकीच्या नावानं कागद करून आणला. माझा हिस्सा मला पूर्ण पोचला, माझी काही तक्रार नाही, असा. काकीला अक्षर येत नव्हतं. वाचून दाखवायला घरात शिकलेली मीच. मी तो सगळा वाचला, एकदाही न अडखळता, शाळेत धडा वाचावा तसा. काकीनं शेवटपर्यंत ऐकलं. शाईची डबी मीच उघडून तिच्यापुढं सरकवली.

"तू वाचलंस न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग झालं," असं म्हणून तिनं अंगठा पुढं केला.