अंजिराची जागा

हिम्मतराव सुनेशी फारसं बोलत नसत. पल्लवी सासवडची, आयटीत काम करणारी. आपल्या हैदराबादी मराठीला ती हसेल, अशी त्यांना उगाच धास्ती. पण तिने माहेरून आणलेलं अंजिराचं रोप फाटकापाशी पिवळं पडू लागलं आणि रोज सकाळी ती त्याच्यापुढे हिरमुसून उभी राहू लागली, तेव्हा त्यांना राहवेना.

"पाणी जास्त होतंय का हो, बाबा?" एकदा तिनेच विचारलं.

त्यांनी पान उलटून पाहिलं. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. "पाण्याचं नाही बेटा. मातीतच काही कमी पडतंय."

हैदराबादेत उप्पलकडची ही जागा म्हणजे एके काळची त्यांच्या वडिलांची द्राक्षबाग. तरुणपणी हिम्मतरावांनीच पाठीवर पंप घेऊन वेलींवर मोरचूद-चुना फवारलेला. पुढे बाग गेली, प्लॉट पडले, घर उठलं.

पल्लवीची मैत्रीण नीलिमा माती तपासायच्या लॅबमध्ये होती. तिच्यासाठी सासऱ्या-सुनेने मिळून माती उकरली. एक पिशवी फाटकाजवळची, दुसरी मागच्या कोपऱ्यातली. तिथे बागेच्या काळी हिम्मतरावांच्या आईची, सत्यवतीबाईंची, म्हैस बांधलेली असायची.

काही दिवसांनी नीलिमाचा फोन आला. फाटकापाशी मोरचुदाच्या फवारणीतलं तांबं साठून राहिलं होतं, त्यात बांधकामाचा चुना आणि सिमेंट मिसळलेलं; लोह नि जस्त मुळांना मिळतच नव्हतं. मागची माती मात्र शेणामुतावर पोसलेली, अजून सकस होती.

"एकाच अंगणात इतका फरक?" पल्लवी म्हणाली.

हिम्मतरावांनी मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "आई जाऊन जमाना झाला," ते म्हणाले, "पण तिची म्हैस अजून पोसायला तयार आहे बघ."

झाकळलेला दिवस पाहून दोघांनी रोप मागे हलवलं. चार दिवसांत त्याने सगळी पानं टाकली. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नक्को. एकदा माहेर सोडून आलंय, आता पुन्हा जागा बदलली. सवड दे त्याला."

मग ते दुपारी तिथेच खुर्ची टाकून बसू लागले. ऑफिसचे कॉल उरकले की पल्लवी चहा घेऊन यायची. ते म्हशीच्या खोड्या सांगत, ती सासवडच्या बागांबद्दल. त्यांचा एखादा हैदराबादी शब्द अडला तर ती बिनदिक्कत विचारायची, आणि त्यांना ते आवडायचं.

बोडक्या फांदीवर पान फुटलं, गडद हिरवं. पल्लवीने लगेच आईला फोन लावून तो सासऱ्यांच्या हातात दिला.

"विहीणबाई," हिम्मतराव म्हणाले, "रुळली हो पोरगी." मग गडबडून, "म्हणजे, रोप पण."