रश्श्याचं दुसरं वगराळं

किस्से काही ठरवून साठवता येत नाहीत. आमच्या कंपनीत कुणाचं लग्न असो की कुणाची रिटायरमेंट, चार माणसं चहाला उभी राहिली की एक जण हमखास म्हणतो, "आरं, ते जपानचं सांग की!" सांगायला बसलो की एकाच्या पोटातून दुसरा निघतो. बायको म्हणते, "गेलात तीन महिने आणि सांगताय जन्मभर!"

तर दोन हजार सालानंतरची गोष्ट. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत नवी मशिनं येणार होती. ती शिकायला आम्हा चौघांना जपानला धाडलं. मी शिवाजी पेठेतला. कोडोलीचा बापू पाटील, मशिनवरचा आमचा सगळ्यात पक्का हात. क्वालिटीचे कांबळे, ज्यांनी जायच्या आधी क्लास लावून जपानी शिकून घेतलं होतं. आणि मेंटेनन्सचे चौगुले, जैन, कांदा-लसूणसुद्धा न खाणारे.

कारखान्यातून हॉस्टेलवर जाताना एका मोठ्या स्टेशनात गाडी बदलावी लागायची. तिथं जिन्याखाली रामेनचं दुकान होतं. जेमतेम आठ माणसं बसतील एवढं, आणि बाहेर कायम रांग. डुकराची हाडं तासन्‌तास उकळून काढलेला पांढराशुभ्र रस्सा आणि त्यात शेवया. चालवणारा एक म्हातारा. डोक्याला फडकं, चेहऱ्यावर हसू नाही. आमचे सगळे किस्से त्या दुकानातले.

*

डुक्कर म्हटल्यावर बापू दोन दिवस बाहेरच उभा राहिला आणि पाव खाल्ला. तिसऱ्या दिवशी मशिनवर त्याला चक्कर आली. संध्याकाळी तो तडक दुकानात शिरला.

"मशिन शिकाय आलोय का उपाशी मराय? खायाचं म्हंजे खायाचं!"

डोळे मिटून त्यानं पहिला घोट घेतला आणि डोळे उघडले. "आयला! ह्यो तर आपला पांढरा रस्सा!"

मग भुरके मारत त्यानं वाडगं उचलून सगळा रस्सा संपवला. शेवया तळाला तशाच. वाडगं पुढं करून म्हणाला, "वाढा!"

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि आणखी शेवया घातल्या! तिथली रीतच उलटी. शेवया पुन्हा मिळतात, रस्सा एकदाच. बापूपुढं डोंगराएवढ्या शेवया आणि रश्श्याचा थेंब नाही!

*

दुसऱ्या दिवशी बापूनं कांबळ्यांना मध्ये घातलं. कांबळ्यांनी अदबीनं विचारलं. म्हातारा बोलला ते असं : दिवसाला हंडा एकच. याला जास्त दिला, तर रांगेतल्या शेवटच्या माणसाला काय देऊ?

मला ते पटलं. बापूला नाही. कोडोलीत कुणाचंही कार्य असो, पंगतीत रश्श्याची बादली आणि वाढायचं वगराळं बापूच्या हातात. पावण्यानं ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून वाढणारा माणूस तो.

"पावण्यानं वाडगं म्होरं केल्यावर न्हाय म्हनायचं? असल्या घरात आमी पोरगी देत न्हाय! सांगा त्येला कांबळे!"

कांबळे म्हाताऱ्याकडं वळून तीन शब्द बोलले. म्हातारा वाकला.

"काय सांगितलंसा?"

"रस्सा फार चांगला आहे, म्हणालो."

त्या दिवशी बापूनं स्टेशनात उभं राहून शपथ घेतली. "गावाकडं जायाच्या आत ह्या म्हाताऱ्याच्या दुकानात रश्श्याचं दुसरं वगराळं वाढल्यालं बघणार. न्हाय बघितलं तर नावाचा बापू न्हाय!" आम्ही हसलो. तो हसला नाही.

*

मी आपला सरळमार्गी. म्हणालो, "बापू, दारातल्या यंत्रात पैसे टाक, जेवणाचं दुसरं तिकीट काढ, अख्खं दुसरं वाडगं मिळंल."

बापूनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी कुणाच्या मयतीत शिट्टी वाजवली.

"इकत घेतल्यालं आनि वाढल्यालं ह्यात काय फरक हाय का न्हाय? पेठेतली मानसं लगा तुमी! तुमाला काय कळनार!"

*

मग चटणीचा दिवस. बापूनं घरची कांदा-लसूण चटणी कागदात बांधून आणली आणि रश्श्यात दोन चमचे ढवळली. पांढऱ्याचा तांबडा झाला. म्हातारा हातातलं काम टाकून समोर आला. त्यानं चिमूटभर चटणी बोटावर घेतली, जिभेवर ठेवली. कान लाल झाले, नाक वाहायला लागलं, पण पठ्ठ्या पाणी प्यायला नाही!

बापू खूश. "मानूस कडक हाय!"

रस्सा मात्र मिळाला नाही.

*

सगळ्यात वाईट दिवस चौगुल्यांचा. ते बिचारे रोज नुसता भात घ्यायचे आणि घरच्या मेतकुटाबरोबर गिळायचे. रोज कोरडा भात खाणारा माणूस बघून म्हाताऱ्याच्या पोटात तुटलं असावं. एके दिवशी गर्दी जरा कमी होती. त्यानं हंड्यात वगराळं बुडवलं आणि काही न बोलता चौगुल्यांच्या भातावर भरभरून ओतलं!

चौगुल्यांचे डोळे भरले. बापूचेही भरले.

"महिना झाला मी मागतोय," बापू कळवळून म्हणाला, "आनि दिलं कुनाला, तर चौगुल्यास्नी!"

मी म्हणालो, "मग तेच घे की. त्यांनी हातसुद्धा लावलेला नाही."

"न्हाय. ते माझ्यासाठनं वाढल्यालं न्हाय."

चौगुले त्या दिवशी उपाशी झोपले. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून पोट दुखतंय म्हणाले. मला खरंच भरून आलं, पण हसूही आवरेना!

*

शेवटचा आठवडा आला. मशिनची परीक्षा आम्ही पास झालो. बापू तर पहिला. पण तोंड सुतकी. कांबळ्यांना राहवलं नाही. त्यांनी म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. याच्या गावाकडं पाहुण्याला नको नको म्हणेपर्यंत रस्सा वाढतात, म्हणून हा मागतो.

म्हाताऱ्यानं एकच प्रश्न विचारला, "असा पोट भरून पिण्यासारखा असतो का तो रस्सा?"

बस्स! बापू पेटला.

निघायच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. पहाटेपासून हॉस्टेलच्या किचनमध्ये बापू. मटण मिळालं नाही, कोंबडी आणली. नारळाचं दूध डब्यातलं, तीळ वाटले, काजू वाटले. दोनदा रस्सा फुटला, दोनदा ओतून दिला. तिसऱ्यांदा जमला. संध्याकाळी स्टीलचा मोठा डबा टॉवेलात गुंडाळून आम्ही स्टेशनात. रांग जिन्यापर्यंत. बापू रांगेत उभा राहिला, नंबर आला तसा आत गेला आणि काउंटरवर डबा उघडला.

म्हाताऱ्यानं वास घेतला. एक रिकामं वाडगं काढलं आणि समोर ठेवलं. बापूनं त्याच्याच दुकानातलं वगराळं मागून घेतलं आणि वाढलं.

म्हातारा उभ्यानंच प्याला. असा भुरका मारला, की पंगतीला बसलेला कोडोलीकर वाटावा. सगळं दुकान खायचं थांबलं. वाडगं रिकामं झालं. त्यानं फडक्यानं तोंड पुसलं, डब्याकडं बघितलं, बापूकडं बघितलं आणि दोन्ही हातांनी वाडगं पुढं केलं.

बापूनं काठोकाठ भरलं.

हॉस्टेलकडं परतताना गाडीत मी डिवचलं, "काय बापू? ऱ्हायलीच की शपथ! मिळालं का दुसरं वगराळं?"

बापू खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "मिळालं की! त्येच्याच दुकानात दुसरं वाढलं न्हवं! तुमी कुटं बघत हुतासा?"